घरावर सोलर बसवायचं का? ठरवण्याआधी काय काय मोजायचं

निरगुडी

घरासाठी सोलरचा विचार चालू आहे. महिन्याचा सरासरी वापर ३०० युनिट. स्लॅबची गच्ची, मोकळी जागा साधारण ३५ चौरस मीटर. एका कोपऱ्यात जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी. तीन कोटेशनं हातात आहेत: एक ३ किलोवॅट, एक ५ किलोवॅट आणि एक ३ किलोवॅट बॅटरीसकट. तिघांच्याही कागदावर 'इतक्या वर्षांत पैसे वसूल' असा आकडा आहे, पण तो आला कुठून ते कोणीच लिहिलेलं नाही.

किती किलोवॅट घ्यावं हा एक प्रश्न. त्याच्याही आधी, बसवावं की नाही हे कशावरून ठरवायचं? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं.

ओहम

किलोवॅट नंतर बघू. आधी घरातली वीज कोणत्या वेळी वापरली जाते ते मोजा, कारण सगळा हिशोब तिथे फिरतो.

एक आठवडा रोज सकाळी ८ आणि संध्याकाळी ५ वाजता मीटरचं रीडिंग वहीत टिपा. महिन्याला ३०० युनिट म्हणजे दिवसाला १०. त्यातले ३ दिवसा आणि ७ रात्री जात असतील, तर ते घर आणि दिवसा ७ वापरणारं घर सोलरच्या दृष्टीने अगदी वेगळी. बिलंही बारा महिन्यांची काढा. एकाच महिन्याच्या बिलावरून मांडलेला हिशोब ऋतू बदलला की कोसळतो.

आता उत्पादन. १ किलोवॅट पॅनेल दिवसाला किती युनिट देईल ते ठिकाणावर अवलंबून. चांगल्या उन्हाच्या प्रदेशात वर्षाची सरासरी ४ च्या आसपास येते, ढगाळ आणि ध्रुवाकडच्या प्रदेशात ३ च्याही खाली जाते. अंदाज बांधू नका. पीव्हीजीआयएस, पीव्हीवॉट्स आणि ग्लोबल सोलर ॲटलस ही सोलरचं उत्पादन काढून देणारी तिन्ही संकेतस्थळं मोफत आहेत. नकाशावर घर निवडा, उतार आणि दिशा भरा, महिनावार युनिट मिळतील. फक्त पहिल्या दोघांत 'तोटा' या रकान्यात साधारण १४ टक्के आपोआप भरलेले असतात. धूळ फार असेल तर ते १८-२० करा. आणि जिन्याच्या खोलीची सावली यातल्या कोणालाच दिसत नाही, ती वेगळी वजा करावी लागते.

४ युनिट धरले तर १० युनिटांसाठी अडीच किलोवॅट. म्हणजे ३ चं कोटेशन वापराला धरून आहे. ५ कशासाठी सुचवलं ते त्यांना विचारा.

उन्हाळी

ओहम यांच्याशी सहमत, पण माझ्या मते पहिली पायरी गच्ची. सावलीमुळे नाही म्हणायची वेळ आली तर वही घेऊन मीटरपाशी उभं राहायची गरजच नाही.

सावली आत्ता बघून काही कळत नाही. वर्षातल्या सर्वात लहान दिवसाची बघायची (उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबर). तेवढं थांबणं शक्य नसेल तर गणित सोपं आहे. अडथळा पॅनेलच्या खालच्या कडेपेक्षा किती उंच आहे ते मोजा. टाकी दीड मीटर वर असेल आणि सूर्य क्षितिजापासून ३०° वर असेल, तर सावली २.६ मीटर. सूर्य २०° वर असेल तर तीच सावली ४.१ मीटर. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात सावली पडणारी जागा खडूने आखून घ्या. आखलेल्या भागात पॅनेल नको. त्या ६ तासांच्या बाहेर थोडी सावली आली तर चालतं.

'पॅनेलच्या एवढ्याशा कोपऱ्यावर तर सावली आहे' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. पॅनेलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात. एक सेल झाकला की त्याच्यातून प्रवाह जाईना, आणि बाकीचे त्याच्यातून प्रवाह ढकलू बघतात. तो सेल तापून जळू नये म्हणून पॅनेलच्या मागच्या डबीत ३ बायपास डायोड असतात. सावली पडली की त्या भागाचा डायोड चालू होतो आणि पॅनेलचा एक तृतीयांश भाग बाजूला पडतो. कठड्यावरच्या कुंडीतल्या एका फांदीलाही एवढं जमतं. डिश अँटेना, झेंड्याची काठी, कपड्यांची तार, सगळं हिशोबात घ्या.

हाफ-कट पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर जोडलेले असतात. कठड्याची सावली खालून वर सरकत येणार असेल तर असं पॅनेल उभं लावा. खालचा अर्धा झाकला गेला तरी वरचा काम करत राहू शकतो. आडवं लावलं की हा फायदा गेला.

निरगुडी

खडूची युक्ती लगेच करता येईल. टाकीच्या सावलीबद्दल विचारलं तर एका विक्रेत्याचं उत्तर होतं, 'ऑप्टिमायझर लावू, मग सावलीचा प्रश्नच नाही.' हे बरोबर आहे का?

ओहम

अर्धं बरोबर. प्रत्येक पॅनेलखाली त्याला स्वतंत्रपणे सांभाळणारा ऑप्टिमायझर किंवा छोटा मायक्रोइन्व्हर्टर लावला की सावलीतलं पॅनेल बाकीच्यांना मागे खेचत नाही. पण त्या पॅनेलवर जे ऊन पडलंच नाही ते कुठून आणणार? रोज ३ तास झाकलं जाणारं पॅनेल ऑप्टिमायझर लावूनही ते ३ तास नुसतं बसून असतं.

त्याची खरी गरज दोन ठिकाणी. छताच्या दोन-तीन दिशांना थोडी थोडी पॅनेलं लावायची असतील तेव्हा, किंवा सावली फिरती असून टाळताच येत नाही तेव्हा. एकाच दिशेला, मोकळ्या उन्हात ६ पॅनेलं असतील तर साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर (सगळ्या ओळीला मिळून एकच) उत्तम. कारण ऑप्टिमायझर म्हणजे प्रत्येक पॅनेलखाली, छतावरच्या सर्वात तापलेल्या जागी, एक इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि दोन जास्तीचे जोड. बिघडला की पॅनेल उचलावं लागतं.

टाकी हलवता येते का ते आधी बघा. प्लंबरचं एका दिवसाचं काम ६ ऑप्टिमायझरपेक्षा जास्त वीज वाचवेल.

तांब्याची तार

दोन दिशांचा विषय निघालाय तर स्ट्रिंगच्या, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या ओळीच्या, व्होल्टेजबद्दल लिहितो. कोटेशनमध्ये हे कधीच नसतं आणि चुकलं की इन्व्हर्टर तरी जळतो, नाहीतर उन्हाळ्याच्या दुपारी गप्प बसतो.

५५० वॅटचं नेहमीचं पॅनेल घ्या. ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच जोडलेलं नसतानाचं) साधारण ४९.९, कामाचं व्होल्टेज ४२, प्रवाह १३ अँपिअर. हे आकडे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे. सेल थंड झाला की व्होल्टेज वाढतं, अंशाला साधारण ०.२७ टक्के. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ६०० व्होल्ट असेल आणि कोणी १२ पॅनेलं एका ओळीत जोडली, तर कागदावर ५९९ येतात, बसलं असं वाटतं. थंडीतल्या पहाटे ५ अंशाला तेच ६३१ होतात. सूर्य उगवताच पहिल्या उजेडात इन्व्हर्टर खलास, आणि मर्यादा ओलांडल्याची नोंद त्याच्या आतच राहत असल्यामुळे वॉरंटीही गेली. म्हणून आपल्या गावातलं आजवरचं सर्वात कमी तापमान धरूनच हिशोब करायचा.

उलट बाजू: तापल्यावर व्होल्टेज पडतं. सेल ७० अंशाला गेला की ४२ चे साधारण ३५ उरतात. दोन दिशांना तीन-तीन पॅनेलं लावली तर एका ओळीत जेमतेम १०६ व्होल्ट. बऱ्याच इन्व्हर्टरना सुरू व्हायलाच ८० ते १२० लागतात. दुपारी एकला ऊन तळपतंय आणि इन्व्हर्टर चालू-बंद होतोय, या तक्रारीचं एक कारण हे असतं. सहाच्या सहा एका ओळीत असतील तर तापूनही २१२ मिळतात, चिंता नाही.

आता जोड. आग लागते ती बहुतेक वेळा पॅनेलमुळे नाही, जोडांमुळे. एमसी-फोर कनेक्टर एका कंपनीचा नर आणि दुसऱ्या कंपनीची मादी असे एकमेकांत बसतात, 'टक' असा आवाजही येतो. पण आतल्या धातूची मापं आणि मुलामा वेगळा असतो. संपर्क अर्धवट राहतो, तो तापतो, प्लॅस्टिक तपकिरी पडतं, मग वितळतं. डीसी प्रवाह एसीसारखा सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे एकदा ठिणगीची कमान तयार झाली की ती आपोआप विझत नाही. जोडणाऱ्याकडे दोन गोष्टी मागा: पॅनेलला ज्या कंपनीचा कनेक्टर आहे त्याच कंपनीचे सुटे कनेक्टर, आणि ते दाबायचं योग्य क्रिंपिंगचं हत्यार. पकडीने दाबलेला जोड नाकारा. एसीचा एमसीबी डीसीच्या पेटीत लावलेला दिसला तर काम तिथेच थांबवा.

केबलचं मापही सांगतो. ८ पॅनेलांची ओळ, इन्व्हर्टर ३० मीटर दूर, ४ चौरस मिलिमीटरची कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची केबल: जाऊन-येऊन ६० मीटर, सुमारे ४ व्होल्टची घट, म्हणजे १.२ टक्के. ६ ची घेतली तर ०.८. घरासाठी ४ पुरते. केबल गच्चीवर नुसती लोळत ठेवू नका. पाइपातून न्या, पाणी साचणार नाही असा उतार द्या, आणि पाइपाची तोंडं बंद करा, नाहीतर उंदीर आत घर करतात.

लोखंडकाम

स्ट्रक्चरकडे सगळे सर्वात कमी लक्ष देतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

६ पॅनेलांचं वजन साधारण १७० किलो, लोखंड वेगळं. ठीकठाक स्लॅबला हे जड नाही. प्रश्न वजनाचा नाही, वाऱ्याने उचलण्याचा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी १४४ किलोमीटरचा वारा प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १०० किलोचा जोर लावतो. ६ पॅनेलांचं क्षेत्रफळ साडेपंधरा चौरस मीटर. आकाराप्रमाणे लागणारा गुणांक एक धरला तरी दीड टन! १७० किलोची वस्तू दीड टनाच्या जोराने वर ओढली जाते. पाय स्लॅबवर नुसते ठेवून त्यांच्याभोवती सिमेंटचे ठोकळे ओतणाऱ्यांना हे गणित दाखवा आणि त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा.

उंच मांडव केला की खालची जागा वापरता येते हे खरं, पण तिरक्या आधारपट्ट्यांशिवाय तो उभा करू देऊ नका. लोखंड गरम जस्तात बुडवलेलं हवं, थर ८० मायक्रॉनच्या आसपास. साइटवर कापलं आणि वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं, गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून भोकं आधी, जस्त नंतर, आणि साइटवर फक्त नट-बोल्ट. बोल्ट स्टेनलेस ३०४ चे. पॅनेलची चौकट ॲल्युमिनियमची असते. तिला उघडी तांब्याची अर्थिंग तार थेट चिकटवली की ओल्या हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये कथिलाचा मुलामा दिलेला लग (तारेच्या टोकाचा जोड) हवा.

गच्ची गळत असेल, किंवा वॉटरप्रूफिंगला दहा वर्षं होऊन गेली असतील, तर ते काम आधी. पॅनेलं २५ वर्षांसाठी बसतात. मध्येच सगळं उतरवून परत चढवण्याची मजुरी कुठल्याही परताव्याच्या हिशोबात धरलेली नसते.

उतार किती? वार्षिक उत्पादनासाठी अक्षांशाच्या जवळपास. पाच-सात अंश इकडे-तिकडे झाले तर फरक किरकोळ. मात्र १० अंशांच्या खाली जाऊ नका, पावसाचं पाणी खालच्या चौकटीला अडतं आणि तिथे चिखलाची पट्टी धरते. ती पट्टी म्हणजे उन्हाळी यांनी सांगितलेली सावलीच.

पणती

बॅटरीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

सर्वात मोठा गैरसमज: सोलर बसवलं की वीज गेल्यावरही घर चालू राहतं. नाही. साधा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर (ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांना जोडलेला) वीज गेली की भर उन्हातही बंद होतो, आणि तसं व्हायलाच हवं. तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छतावरून आलेल्या विजेचा धक्का बसू नये म्हणून ती सोय सक्तीची असते. वीज गेल्यावरही पुरवठा हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनेल आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा), बॅटरी, आणि बॅकअपवर चालणाऱ्या गोष्टींचं वेगळं वायरिंग, अशा तीन गोष्टी लागतात. तिसरी कोटेशनमध्ये नसते आणि तीच भिंती फोडायला लावते.

लिथियम आयर्न फॉस्फेटची ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे ५.१२ युनिट. त्यातली ९० टक्के वापरली तर ४.६. तीन साधे पंखे ८ तास: १.७ युनिट. दिवे पाव युनिट. फ्रिज रात्रभर पाऊण युनिट. एकूण २.७, रात्र आरामात निघते. तेवढ्याच भरलेल्या बॅटरीवर नुसता दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालवला तर तीन तासांत बॅटरी रिकामी. पाण्याचा पंप तर बॅकअपवर घेऊच नका. सुरू होताना तो नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

वीज क्वचितच जात असेल आणि जादा युनिटांना ग्रिडकडून बरा दर मिळत असेल तर बॅटरी आत्ता नको. इन्व्हर्टर मात्र पुढे बॅटरी जोडता येईल असा घ्यायचा का, एवढं ठरवा. लेड-ॲसिड स्वस्त वाटते, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की आयुष्य झपाट्याने घटतं. रोजच्या चार्ज-डिस्चार्जसाठी ती नाही.

हिशोबनीस

पैसे वसूल होण्याचा आकडा कुठून येतो असं धागाकर्तीने विचारलं होतं. बहुतेक वेळा असा: एकूण खर्च भागिले (वर्षाचे युनिट गुणिले बिलातला सर्वात वरचा दर). या भागाकारात दोन चुका आहेत. सगळे युनिट घरातच वापरले जातील असं धरलंय, आणि प्रत्येक युनिट सर्वात महाग टप्प्यातलंच वाचेल असंही.

नीट मांडू. विकत घेतलेल्या युनिटचा दर १ धरा, ग्रिडला दिलेल्याचा ०.४. १ किलोवॅट वर्षाला १४०० युनिट देतो. घरात ४० टक्के वापरले तर ५६० अधिक ८४० च्या ०.४ पट, म्हणजे ३३६, बेरीज ८९६. तेच ७० टक्के घरात वापरले तर ९८० अधिक १६८, बेरीज ११४८. पॅनेलं तीच, खर्च तोच, बचत २८ टक्के जास्त. वॉशिंग मशीन, पंप, इस्त्री आणि गीझर ११ ते ३ मध्ये नेले की एवढं होतं. त्यासाठी साध्या टायमरपलीकडे काही लागत नाही.

जिथे युनिटला युनिट अशी वजावट मिळते, म्हणजे नेट मीटरिंग, तिथे हा फरक जवळपास नाहीसा होतो. म्हणून आपल्याकडे नेट मीटरिंग आहे की नेट बिलिंग (ग्रिडला दिलेल्या युनिटला वेगळा दर), शिल्लक युनिट वर्षअखेरी रद्द होतात का, स्थिर आकार किती उरतो, हे वीज वितरण कंपनीच्या नियमातून लेखी घ्या. विक्रेत्याच्या तोंडून नको. स्थिर आकार सोलरने कमी होत नाही, बिल 'शून्य' होणं त्यामुळेच दुर्मीळ. आणि इन्व्हर्टर २५ वर्षं टिकत नाही, १० ते १५ वर्षांनी एकदा बदलावा लागेल असं धरूनच खर्च मांडा.

तांब्याची तार

३ की ५ यावर माझं मत जरा वेगळं आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर आत्ताच मोठं घ्यावं. गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. नंतर वाढवायचं म्हटलं की जुन्या मापाचं पॅनेल मिळत नाही, आणि वेगळ्या प्रवाहाचं पॅनेल जुन्या ओळीत घातलं की सगळी ओळ कमीत कमी प्रवाहावर येते.

ओहम

गाडी दिवसा घरी उभी असेल तरच. दिवसभर बाहेर असणारी गाडी रात्री ग्रिडवरूनच चार्ज होणार. मधला मार्ग: आत्ता ३.३ किलोवॅट पॅनेलं (५५० वॅटची ६), इन्व्हर्टर ५ चा आणि दोन एमपीपीटीचा, म्हणजे पॅनेलांच्या दोन ओळी स्वतंत्रपणे सांभाळणारा. दुसरा एमपीपीटी रिकामा ठेवा. पुढे नवी पॅनेलं त्यावर वेगळी ओळ म्हणून जोडता येतील, जुन्यांशी जुळायची गरजच उरत नाही. मंजूर भार आणि परवानगी तेव्हा पुन्हा तपासावी लागेल एवढंच.

तांब्याची तार

हे पटलं. फक्त इन्व्हर्टर आणि मीटरमधली एसी केबल आत्ताच ५ किलोवॅटच्या हिशोबाने टाका. ती बारीक आणि लांब राहिली तर भर दुपारी इन्व्हर्टरच्या टोकाला व्होल्टेज चढतं आणि तो 'ग्रिड ओव्हरव्होल्टेज' दाखवून थांबतो. लोक इन्व्हर्टर बदलतात, दोष केबलचा असतो.

निरगुडी

खूप उपयोग झाला. टाकी हलवून ३.३ किलोवॅट, बॅटरी सध्या नाही, असं ठरतंय. कोटेशन पक्कं करताना काय काय लिहून घ्यायचं? आणि काम झाल्यावर काय तपासायचं?

ओहम

लिहून घ्यायचं: पॅनेल आणि इन्व्हर्टरचा पूर्ण मॉडेल क्रमांक ('नामांकित कंपनीचे' असं नाही), पॅनेलच्या चाचण्यांच्या आयईसी ६१२१५ आणि ६१७३० या मानकांची प्रमाणपत्रं, समुद्राजवळ असाल तर ६१७०१ (खाऱ्या हवेचं) सुद्धा. वॉरंटी दोन असतात, दोन्ही वेगळ्या मागा. उत्पादनाची, म्हणजे काच, चौकट, जोडडबी यांची; आणि क्षमतेची. पर्क पॅनेलला २५ वर्षांनी ८४.८ टक्के, टॉपकॉनला ३० वर्षांनी ८७.४ टक्के (हे सेलचे दोन प्रकार) असे आकडे दिसतील. प्रत्यक्षात कामाला येते ती पहिली.

काम संपल्याच्या दिवशी, पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी, तुमच्यासमोर मोजून घ्यायचं: ओळीचं ओपन सर्किट व्होल्टेज (६ पॅनेलांना ३०० च्या जवळ, तापलेलं असेल तर २७० च्या आसपास), इन्सुलेशन रेझिस्टन्स (तारांच्या आवरणाचा रोध), आणि अर्थिंगचा रोध, ५ ओहमच्या आत. सर्ज प्रोटेक्शन (व्होल्टेजच्या अचानक झटक्यापासून संरक्षण) डीसी आणि एसी दोन्हीकडे हवं. हे आकडे तारखेसकट कागदावर घ्या. पाच वर्षांनी बिघाड शोधताना तुलनेला दुसरं काहीच नसतं.

लोखंडकाम

पॅनेलांवरून कोणाला चालू देऊ नका. काच फुटत नाही, आतले सेल तडकतात. तडा डोळ्यांना दिसत नाही, दोन वर्षांनी तिथे तापलेला ठिपका तयार होतो. धुण्याचं म्हणाल तर सूर्य वर यायच्या आधी, साधं मऊ पाणी आणि मऊ मॉप. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतायचं नाही. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे डाग पडतात आणि ते धुळीपेक्षा वाईट.

उन्हाळी

एक राहिलं. पहिल्याच पावसानंतर सकाळी इन्व्हर्टरवर 'आयसोलेशन फॉल्ट' (वीज कुठेतरी जमिनीकडे गळतेय) दिसू शकतो आणि दहा-अकराला ऊन आलं की आपोआप जातो. 'गेलं ना, मग ठीक आहे' म्हणून सोडू नका. कुठल्यातरी कनेक्टरमध्ये पाणी शिरतंय किंवा केबलचं आवरण चौकटीच्या धारेवर घासलंय. पाऊस चालू असतानाच, ओलं असताना, माणूस बोलवा. सुकल्यावर मोजलं तर सगळं ठीकच दिसतं.

निरगुडी

नोंद घेतली. टाकी हलवल्यावर खडूची सावली परत आखून तिचं माप इथे देते, मग ६ पॅनेलांची मांडणी नक्की करू.